गॅस नसलेल्या पँट्रीत मायक्रोवेव्हवर दूध : कामाच्या नोंदी

जागा पुण्यातली, भाड्याचं ऑफिस, इमारतीत सिलिंडरला परवानगी नाही. मशीन २० लिटरचा साधा सोलो मायक्रोवेव्ह, म्हणजे ग्रिल वगैरे नसलेला, फक्त तापवणारा. मागच्या पट्टीवर आउटपुट ७०० वॉट आणि विजेचा खर्च ११५० वॉट असं छापलेलं. दूध पिशवीचं, टोन्ड, म्हणजे ३ टक्के फॅटचं. कॉफी, बोर्नव्हिटा आणि हळदीचं दूध एवढंच करायचं असतं. तक्रारी तीन: दूध मध्येच कधीतरी उतू जातं, वरचा घोट तोंड भाजतो आणि तळ गार राहतो. भिंतीवर लावता येईल असा एक तक्ता करायचा, हे काम.

४ नोव्हेंबर

काडीचा डिजिटल थर्मामीटर आणला, ३५० रुपये. वापरण्याआधी तपासला. ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात काडी धरली, ०.४ अंश दाखवले. खळखळत्या पाण्यात ९८. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, म्हणून हा आकडा बरोबर धरला. मुंबई-पणजीत हाच थर्मामीटर १०० च्या जवळ जायला हवा.

लांबून तापमान मोजणारी, लेझर दाखवणारी बंदूक (साधारण हजार रुपयांची) कोणीतरी सुचवली होती. ती फक्त वरचा पृष्ठभाग मोजते. दुधावर साय धरली की सायीचं तापमान कळतं, खालच्या दुधाचं नाही. या कामाला निरुपयोगी.

आधी मशीन बंद करायचं, दुधाचा मग बाहेर काढायचा, त्यानंतरच काडी बुडवायची. आत ठेवून मशीन चालू करायचं नाही, धातू आणि बॅटरी दोन्ही आहेत त्यात.

५ नोव्हेंबर

मशीनची खरी ताकद मोजली. पट्टीवरचे ७०० वॉट नव्या मशीनचे, पूर्ण दाबाच्या विजेवरचे. रीत सोपी आहे: काचेच्या भांड्यात बरोबर १ लिटर पाणी, ढवळून तापमान घ्यायचं, पूर्ण पॉवरवर २ मिनिटं, बाहेर काढून लगेच ढवळून पुन्हा तापमान. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणलं की वॉट मिळतात.

थंड मशीन: २५ वरून ४३. वाढ १८, म्हणजे ६३० वॉट.
लागोपाठ तीन वेळा चालवल्यावर: वाढ १७, म्हणजे ५९५.
शेजारी इलेक्ट्रिक किटली चालू ठेवून: वाढ १६, म्हणजे ५६०.

तिसऱ्या आकड्याचं कारण बोर्डात होतं. किटली १५०० वॉट, मायक्रोवेव्ह ११५०, दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. मिळून साडेअकरा अँपिअर होतात आणि बोर्ड ६ अँपिअरचा. वायर हाताला गरम लागत होती. दुधाचं राहू द्या, हाच प्रकार आधी बंद करायला हवा होता. इलेक्ट्रिशियनकडून मायक्रोवेव्हसाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट घेतला, सामानासकट ९०० रुपये. त्यानंतर किटली चालू असतानाही वाढ साडेसतराच्या खाली आली नाही.

७ नोव्हेंबर

उतू जाण्याचं कोडं. पँट्रीतल्या मावशींपासून मॅनेजरपर्यंत सगळे मग ठेवून "दोन मिनिटं" दाबतात. तरी कधी दूध नुसतं कढत होतं आणि कधी तबकडीभर सांडतं. मशीन खराब आहे असं सगळ्यांचं मत.

मशीन ठीक आहे. तोच मग, तेच २०० मिली दूध, फक्त सुरुवातीचं तापमान वेगळं ठेवून पाहिलं:

फ्रिजमधून काढलेलं, ६ अंश: २ मिनिटांनी ढवळून ८१ अंश. वर पातळ साय, सांडलं नाही.
ओट्यावर तासभर राहिलेलं, २८ अंश: पावणेदोन मिनिटांच्या सुमारास फुगलं आणि दोन मिनिटं व्हायच्या आत निम्मं बाहेर.

सकाळी साडेनऊला पहिली पिशवी फ्रिजमधून निघते तेव्हा दोन मिनिटं चालून जातात. अकराच्या कॉफीपर्यंत तीच पिशवी ओट्यावर कलंडलेली असते, आणि तेव्हा तीच दोन मिनिटं नडतात. घड्याळ तेच, दूध २२ अंश पुढे निघालेलं.

यावर "मग एक मिनिटच लावा" असं म्हणून भागत नाही, कारण फ्रिजमधलं दूध मिनिटभरात चाळिशीच्या थोडं वर जातं, कोमटच राहतं. उपाय म्हणून दूध वापरून झालं की लगेच फ्रिजमध्ये, हा नियम आधी. पिशवी कापली की झाकणाच्या जगमध्ये ओतायचं. कापलेली पिशवी फ्रिजच्या दारात उभी राहत नाही, म्हणून ती ओट्यावर राहते. १ लिटरचा काचेचा जग ४२० रुपयांना. तक्त्यातले सगळे आकडे फ्रिजमधल्या दुधाचेच धरायचे.

८ नोव्हेंबर

किती तापवायचं हे ठरवलं: ६२ अंश, फार तर ६५.

पिशवीचं दूध डेअरीत पाश्चराइझ होऊनच येतं (७२ अंशाला १५ सेकंद ही नेहमीची पद्धत), त्यामुळे इथे ते पुन्हा उकळायची गरज नाही. ७० च्या वर गेलं की दुधातली प्रथिनं बिघडायला लागतात, उकळल्या दुधाचा वास येतो, साय घट्ट होते. इन्स्टंट कॉफी आणि बोर्नव्हिटा ६० ला व्यवस्थित विरघळतात. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांवरची अतिगरम पेयं बहुधा कर्करोगकारक गटात टाकली आहेत, अन्ननलिकेच्या संदर्भात. ६२ चं दूध पावडर घालून ढवळेपर्यंत ५७-५८ ला येतं. तेव्हा प्यायला बरोबर असतं, आणि आपल्याकडे "गरम" म्हणतात तेवढं गरमही लागतं.

सुट्टं दूध, म्हणजे गवळ्याकडचं, या तक्त्यात बसत नाही. ते पातेल्यात गॅसवर नीट उकळूनच घ्यायचं. मायक्रोवेव्ह एकसारखं तापवत नाही, एखादा भाग कमी तापून राहतो, म्हणून जंतू मारायच्या कामाला त्यावर विसंबू नये. बाळाची बाटलीही त्याच कारणाने इथे तापवायची नाही: बाटली हाताला कोमट लागते आणि आत मधोमध चटका बसेल एवढं गरम असू शकतं. ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी.

११ नोव्हेंबर

गार तळाचा तपास. २०० मिली, ६ अंश, ९० सेकंद सलग, न ढवळता काडी तीन ठिकाणी धरली.

वर ७३. मध्ये ६२. तळाशी ५२.

वर-खाली २१ अंशांचा फरक. लहरी दुधात दोन-तीन सेंटिमीटरच जोराने शिरतात, बाजूने आणि वरून. तापलेलं दूध हलकं होऊन वर जातं आणि वरच राहतं. गॅसवर आच खालून असते म्हणून दूध आपोआप फिरतं, इथे ते फिरत नाही. ढवळल्यावर सगळीकडे ६२. म्हणजे वेळ बरोबर होता, चमचा कमी पडला होता.

दोन टप्पे करून पाहिलं: ५० सेकंद, बाहेर काढून तळापासून ढवळणं, ४० सेकंद, पुन्हा ढवळणं. दुसऱ्या ढवळण्याआधी वर ६६, तळाशी ५७. फरक निम्म्याहून कमी. पहिल्या ढवळण्यामुळे साय धरत नाही हा वरचा फायदा. साय हीच उतू जाण्याची खरी कळ आहे: प्रथिनं आणि फॅट मिळून वर पापुद्रा होतो, खालची वाफ त्याला फुग्यासारखी उचलते. पापुद्रा मोडला की वाफेला वाट मिळते.

मग तबकडीच्या मध्यावर ठेवायचा नाही, कडेला ठेवायचा. मध्यावरचा मग जागच्या जागी फिरतो, कडेचा निरनिराळ्या जागांमधून जातो. मधोमध ठेवलेल्या मगात एका बाजूला ५ अंशांचा फरक निघाला.

१२ नोव्हेंबर

पॉवर कमी करून उतू जाणं टळतं का पाहिलं. ५० टक्क्यांवर दूध सावकाश तापलं, पण पुढे गेल्यावर फुगून सांडलंच. या जातीच्या मशीनमध्ये ५० टक्के म्हणजे अर्ध्या जोराची लहर नसते. काही सेकंद पूर्ण जोर, काही सेकंद बंद, असा तो खेळ असतो, कान दिला तर घरघर बदललेली ऐकू येते. चालू टप्पा नेमका उकळीच्या तोंडावर आला की दूध वर येतंच. इन्व्हर्टर जातीचं मशीन खरोखर कमी जोरावर चालतं, तिथे हा उपाय लागू पडेल. इथे पूर्ण पॉवर आणि दोन टप्पे हेच ठेवलं.

"बेव्हरेज" बटणही पाहिलं. ते कपांची संख्या विचारतं, दूध किती थंड आहे ते नाही. सोडून दिलं.

१४ नोव्हेंबर

मगांची झडती. पँट्रीत प्रत्येकाचा आपापला मग, त्यामुळे हा भाग अपेक्षेपेक्षा लांबला.

परीक्षा अशी: मशीनमध्ये रिकामा मग आणि शेजारी पाण्याने भरलेला काचेचा ग्लास, १ मिनिट पूर्ण पॉवर. पाणी तापलं आणि मग गार राहिला तर मग चालेल. मगच तापला तर बाद. शेजारचं पाणी विसरायचं नाही, रिकामं मशीन चालवणं मॅग्नेट्रॉनला (लहरी तयार करणाऱ्या भागाला) वाईट.

सोनेरी कडेचे लग्नातले आहेर मग: बाद, कडेवर ठिणग्या. हे परीक्षेला ठेवूच नयेत, डोळ्यांनीच बाजूला काढावेत.
मेलामाईनचे (प्लास्टिकसारखे, चिनी मातीची नक्कल करणारे): बाद. स्वतः तापतात.
झिलईला बारीक तडे गेलेले जुने मग: बाद. धुताना तड्यांतून पाणी मातीत मुरतं आणि पुढच्या वेळी ते पाणी तापतं. कान इतका तापतो की मग हातातून सुटतो. "हा मग फार तापतो" अशी तक्रार ज्या मगांची होती, ते जवळजवळ सगळे याच गटातले निघाले.
कुल्हड: त्याच कारणाने बाद.
चहाचे पातळ काचेचे ग्लास: बाद. फ्रिजमधलं दूध आणि एकदम उष्णता, तडकतात.
बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी) काच आणि धडधाकट झिलईचे साधे मग: चालतात.
तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेलं प्लास्टिक, त्यावर मायक्रोवेव्हची खूण असेल तर: चालतं. इतर प्लास्टिक आणि थर्माकोल नाही.
स्टीलचा पेला: नाही. टेट्रापॅकचा डबा तसाच ठेवणं: नाही, आत अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. दुधाची पिशवी तशीच ठेवणं: नाही, हेही कुणी करत होतं.

मग किमान ३५० मिलीचा हवा, २०० मिली दुधाला. काठाशी दोन बोटं जागा पुरत नाही. फुगलेलं दूध दुपटीच्या जवळ जातं.

१८ नोव्हेंबर

मशीनमधून चर्रर्र आवाज, उजव्या भिंतीवर ठिणगी, जळका वास. मग साधा, धातू कुठेच नाही.

उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी अभ्रकाची पट्टी असते, लहरी तिच्यामागून आत येतात. आजवर सांडलेल्या दुधाचे शिंतोडे तिच्यावर वाळून काळे पडले होते. जळलेलं दूध म्हणजे कोळसा, कोळसा लहरी खातो, तापतो आणि पट्टीला भोक पडतं. पुसून काळं निघेना, कडेला जळून विरलेलंही होतं.

प्लग काढून पट्टी सोडवली, एक स्क्रू आणि एक खाच. अभ्रकाचा कोरा पत्रा सुट्या भागांच्या दुकानात १२० रुपयांना मिळाला. जुनी पट्टी वर ठेवून पेन्सिलने आखून कात्रीने कापला. कात्री सावकाश चालवायची, घाईत पापुद्रे सुटतात. पहिला तुकडा असाच वाया गेला, पण एका पत्र्यात दोन होतात. बसवल्यावर ठिणगी बंद.

हे काम आतल्या पोकळीतून होतं. बाहेरचं पत्र्याचं कवच उघडायचं नाही. आतला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वरचा असतो आणि प्लग काढल्यावरही भार धरून ठेवतो. कवच उघडणं तंत्रज्ञाचं काम.

साफसफाई आता रोज संध्याकाळी: वाडग्यात पाणी आणि लिंबाची फोड, ४ मिनिटं, दार न उघडता ५ मिनिटं, मग ओला फडका. तबकडीखालचं चाकांचं कडंही काढून धुवायचं. तिथे दूध सुकलं की तबकडी अडखळते, दूध एकाच जागी तापतं आणि सगळे आकडे चुकतात.

२० नोव्हेंबर

आल्याच्या दुधाचा प्रयोग फसला आणि का फसला ते कळलं. २०० मिली दुधात चमचाभर किसलेलं ओलं आलं, ६२ पर्यंत तापवलं, पाच मिनिटांत गुठळ्या. दूध ताजं, त्याच जगमधलं, आल्याशिवायचा मग उत्तम. दुसऱ्या जगमधल्या दुधाचंही तेच झालं.

ओल्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं आणि साठ-सत्तर अंशांना ते जोरात काम करतं. म्हणजे आपण जे तापमान मुद्दाम निवडलं, ते नेमकं त्याच्या सोयीचं. घरी चहात असं होत नाही कारण आलं आधी पाण्यात उकळतं आणि एन्झाइम मरतं. उपाय तोच: किटलीतलं उकळतं पाणी ४० मिली, त्यात आलं, झाकून ५ मिनिटं, गाळून तापलेल्या दुधात. फुटलं नाही. सुंठपूड थेट दुधात घालूनही फुटलं नाही.

गूळ सगळ्यात शेवटी, दूध मशीनबाहेर काढून, ढवळून, पिण्याजोगं झाल्यावर. कढत दुधात गूळ पडला की फुटण्याचा धोका, हे घरोघरी माहीत असतं, ऑफिसात विसरतात.

हळद: पाव चमचा, दोन चमचे गार दुधात आधी कालवून. कोरडी टाकली तर तळाशी बसते आणि मगाला पिवळं कडं राहतं. बोर्नव्हिटा आणि कोकोचंही तसंच, आधी थोड्या दुधात घोटून लगदा, नाहीतर गोळे तरंगतात.

२१ नोव्हेंबर

कोरी कॉफी करणाऱ्यांसाठी स्वतंत्र नोंद, हा प्रकार दुधापेक्षा वाईट आहे. नव्या गुळगुळीत मगात साधं पाणी मायक्रोवेव्हमध्ये उकळीपलीकडे तापूनही बुडबुडा न येता शांत दिसू शकतं. त्यात चमचाभर कॉफी पडली की सगळं एकदम उसळून हातावर येतं. फार तापलेल्या दुधात साखर टाकली की छोट्या प्रमाणात हेच होतं. पाण्यासाठी किटली आहे, तीच वापरायची. मायक्रोवेव्हमध्ये काहीही पातळ ठेवताना लाकडी काडी उभी सोडायची, तिच्या खडबडीत अंगावर बुडबुडे धरतात. शंभर काड्या ७० रुपये. शिवाय बंद झाल्यावर अर्धा मिनिट थांबून मग हात घालायचा.

आणि उलट बाजूने: किटलीत दूध तापवू नये. तळाला लागतं, उतू जातं, वास जात नाही.

२५ नोव्हेंबर

फ्रीजरच्या कप्प्याला टेकून जगमधलं दूध अर्धवट गोठलेलं मिळालं. तेच मगात ओतून तापवलं तर कडेचं दूध ७० च्या वर आणि मध्ये बर्फाचा खडा. बर्फ लहरी फार कमी शोषतो, वितळलेलं दूध भरपूर शोषतं, म्हणून जे आधी वितळलं तेच तापत जातं. गोठलेलं दूध मशीनमध्ये नको. जग गार पाण्यात ठेवून आधी वितळवावा. जगची जागा खालच्या कप्प्यात केली.

२७ नोव्हेंबर

तक्ता भिंतीवर लागला, मोठ्या अक्षरात, मशीनच्या दाराच्या उंचीवर.

दूध फ्रिजमधलंच. मग मोठा, कडेला ठेवा, आत लाकडी काडी.
१५० मिली: ४० सेकंद, ढवळा, ३० सेकंद, ढवळा.
२०० मिली: ५० सेकंद, ढवळा, ४० सेकंद, ढवळा.
३०० मिली: ७० सेकंद, ढवळा, ५५ सेकंद, ढवळा.
२०० मिलीचे दोन मग एकदम, समोरासमोर: ९० सेकंद, दोन्ही ढवळा, ७० सेकंद, दोन्ही ढवळा.
दूध बाहेर राहिलेलं असेल तर २०० मिलीला ३० सेकंद, ढवळा, २५ सेकंद. तासाभराहून जास्त बाहेर राहिलं असेल तर वापरू नका.
बशी उपडी ठेवली तर शिंतोडे अडतात, उतू जाणं अडत नाही. घट्ट झाकण नको.
उरलेलं तापवलेलं दूध जगमध्ये परत ओतू नका.

दोन मगांना दुप्पट वेळ लागत नाही, पावणेदोनपट पुरतो. जास्त दूध आत असलं की लहरी जास्त कामी येतात. एकच छोटा मग असला की बऱ्याच वाया जातात. १५० मिलीला म्हणूनच हिशेबापेक्षा जास्त वेळ आहे.

विजेचा हिशेब कुणी विचारला म्हणून: ९० सेकंदांचा एक मग, एका युनिटमध्ये ३४-३५ मग.

३ डिसेंबर

वरच्या मजल्यावरच्यांनी तक्त्याचा फोटो काढून आपल्या पँट्रीत लावला आणि तिथे दूध फार तापायला लागलं. त्यांचं मशीन ९०० वॉटचं इन्व्हर्टर. लिटरची चाचणी तिथे केली: वाढ २४, म्हणजे ८४०. आपल्या सव्वापटीहून जास्त जोर. त्यांच्यासाठी २०० मिलीला ३५ सेकंद, ढवळा, ३० सेकंद, ढवळा. मोजलं, ६३ आले. दोन्ही तक्त्यांच्या वर आता मशीनचे मोजलेले वॉट लिहिले आहेत, आणि त्याखाली: "हा तक्ता फक्त याच मशीनचा."